३ फुटी प्लँटेड टँकला लाइट कोणती घेऊ? शेवाळ पण वाढतंय आणि झाडं पण जातायत

प्रीतिसंगम (कराड)

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलं तर समजून घ्या.

आमच्याकडे माशांची ३ फुटी टाकी आहे, ३६ बाय १५ बाय १८ इंच, पाच महिने झाले. माझ्या सासऱ्यांचं, आम्ही त्यांना मामा म्हणतो, दिवाळीनंतर खुब्याचं ऑपरेशन झालं, रानात जाणं बंद झालं, दिवसभर हॉलमध्ये एका खुर्चीत. म्हणून त्यांच्या समोर ही टाकी केली. आधी प्लास्टिकची झाडं होती पण सगळा जन्म शेतीत गेलेला माणूस, ते म्हणाले ह्यात जिवंत काहीतरी लाव, मग खरी झाडं आणली. खाली दुकानातली काळी माती दीड इंच, त्यावर नदीची वाळू. मधोमध लाकडावर बांधलेला अनुबियास, त्याच्या शेजारी लाल अल्टरनँथेरा, डाव्या कोपऱ्यात अँब्युलिया, उजवीकडे वॅलिस्नेरिया आणि दोन क्रिप्टो. मासे म्हणजे गप्पी, मोली आणि सहा कोरी (तळाला फिरणारे छोटे मासे). पाणी बोअरचं, चांगलंच जड आहे. सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) नाही, खत काही घातलेलं नाही. वर काचेचं झाकण, कारण गप्पी उड्या मारतात.

लाइटचं असं झालं की टाकीबरोबर १८ वॉटची पांढरी एलईडी पट्टी मिळाली होती, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी. पहिल्याच महिन्यात अल्टरनँथेरा आणि क्रिप्टोची पानं गळायला लागली. दुकानात विचारलं तर म्हणाले लाइट कमी पडतेय, वर ३० वॉटचा फ्लड (फ्लडलाइट) लावा. दिरांनी आणून झाकणाच्या काचेवरच मधोमध ठेवला. आता दोन्ही सकाळी ७ ते रात्री ९ चालू असतात, कारण मामा समोर बसलेले असतात आणि अंधारी टाकी त्यांना बघवत नाही.

आणि आता अवस्था अशी की अनुबियासच्या पानांच्या कडेला काळे केसांसारखे झुपके आलेत, समोरच्या काचेवर हिरवे ठिपके आहेत ते स्पंजने निघतच नाहीत, अल्टरनँथेराचा नुसता दांडा उरलाय, आणि अँब्युलिया पाण्याच्या वरपर्यंत गेलाय पण दोन पेरांमध्ये बोटभर अंतर, खाली सगळा उघडा. दुसऱ्या एका दुकानात सांगितलं की आरजीबीवाली (लाल-हिरव्या-निळ्या एलईडीची) भारी लाइट घ्या, ८५०० ला आहे, सगळं सुटेल. घेऊ का? पैसे घालायची तयारी आहे पण परत फसायला नको.

अजून एक, काल पाणी बदलताना हाताला मुंग्या आल्यासारखं झालं आणि फ्लडच्या काचेला आतून वाफ धरलेली दिसतेय, त्याचं काही करावं लागतं का?

तारजोडी (इचलकरंजी)

ताई, बाकीचं सगळं नंतर. फ्लडची पिन आत्ताच्या आत्ता सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून थांबू नका, जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण न्यूट्रलवर असतं, बटण बंद असलं तरी फेज आत पोचलेला असतो.

मुंग्या म्हणजे करंट. आज कोरड्या चपलेवर उभ्या होता म्हणून मुंग्यांवर भागलं, ओल्या फरशीवर अनवाणी असता तर काय झालं असतं ते मला लिहवत पण नाही. आणि मासे मजेत फिरतायत म्हणून पाण्यात करंट नाही असं कोणीही समजू नका, मासा जमिनीला टेकलेला नसतो, त्याच्यातून करंट जायला वाट नसते, तुम्ही हात घातलात की तुम्ही ती वाट होता.

स्वस्त फ्लडमध्ये आजकाल वेगळा ड्रायव्हर (घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारा भाग) नसतोच, एलईडीच्या प्लेटवरच सगळं बसवलेलं असतं, डीओबी म्हणतात त्याला. म्हणजे घरातले २३० व्होल्ट सरळ एलईडीच्या प्लेटवर, आणि प्लेट आणि बाहेरची अॅल्युमिनियमची बॉडी यांच्यामध्ये फक्त पातळ इन्सुलेशनचा थर. भिंतीवर, गच्चीवर ठीक आहे. उघड्या पाण्यावर असली वस्तू ठेवायचीच नाही. त्यावर आयपी ६५ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा मारला तर चालतो एवढाच. टाकीवरची गोष्ट वेगळी असते, दिवा तापतो, बंद झाला की गार होतो आणि गार होताना वायरच्या भोकातून दमट हवा आत ओढून घेतो, रोज थोडी थोडी. तीच वाफ तुम्हाला दिसतेय.

आता एवढं कराच. चांगला वायरमन बोलवून टाकीच्या सॉकेटचं अर्थिंग तपासा आणि त्या लाइनला ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) आहे ना म्हणू नका, एमसीबी वायर वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी. हीटर, फिल्टर पण एकदा तपासा, हीटरची काच तडकली असेल तरी असंच होतं. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि हात पाण्यात घालायचा असेल तर सगळ्या पिना बाहेर, दरवेळी, मामांना पण सांगून ठेवा.

प्रीतिसंगम (कराड)

दादा, वाचल्या वाचल्या पिन काढली. दिरांनी संध्याकाळी फ्लड उघडला तर आत पाण्याचे थेंब, आणि फ्लडची हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर कापून टू पिन टॉप लावलेला होता. माझी मुलगी रोज त्यात हात घालून कोरींना गोळी देते. अंगावर काटा आला. खूप खूप आभार. वायरमन गुरुवारी येतोय, फ्लड भंगारात गेला. आता नुसती पट्टी चालू आहे. मग नवीन लाइट घ्यावीच लागेल का?

पाणगवत (पुणे)

तारजोडींनी महत्त्वाचं काम केलं, आता निवांत बोलू.

ताई, तुमच्या पोस्टमध्ये मला एक वाक्य खटकलं, पहिल्या महिन्यात पानं गळली म्हणून लाइट वाढवली. दुकानात मिळणारी बहुतेक झाडं नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ओल्या हवेत, नुसती मुळं पाण्यात. अल्टरनँथेरा, क्रिप्टो, अनुबियास सगळी. ती पाण्याखाली गेली की जुनी पानं निकामी होतात, झाड ती टाकून देतं आणि पाण्याखाली जगणारी नवीन पातळ पानं काढतं. ह्याला दोन-चार आठवडे जातात. क्रिप्टोचं तर अख्खं झाड विरघळल्यासारखं होतं आणि मुळातून परत येतं. म्हणजे तुमची झाडं नेमकी कपडे बदलत होती तेव्हा त्यांच्या डोक्यावर दुप्पट-तिप्पट उजेड आला. नवीन पानं नाहीत म्हणजे झाडाला तो उजेड वापरता येत नाही, मग तो कोण वापरणार, शेवाळ.

मी ह्या छंदात टी-५ ट्यूबच्या काळापासून आहे. तेव्हा ३ फुटी टाकीला ३९ वॉटच्या ट्यूब लागायच्या, दर वर्षी बदलायच्या कारण डोळ्याला दिसत नसलं तरी उजेड उतरलेला असायचा. लिटरला अमुक वॉट हा हिशेब त्या काळातला. दुकानात अजून तोच सांगतात पण एलईडीला तो लागू नाही, एक एलईडी वॉटला ६० लुमेन (उजेडाचं माप) देते, दुसरी १३०. आणि लुमेन पण माणसाच्या डोळ्याच्या मापाने मोजलेले असतात, आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड सगळ्यात जास्त दिसतो, झाडाला निळा आणि लाल पण तितकाच हवा असतो. म्हणून झाडांसाठी पार हे माप वापरतात, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात ते. पार मीटर महाग असतो, आपल्याला घ्यायची गरज नाही. पांढऱ्या ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप) एलईडीसाठी मोबाइलवर लक्स (त्या जागेवर किती उजेड पडतो ते) मोजायचं आणि ७० ने भागायचं, बऱ्यापैकी जवळचा आकडा येतो. सीओटू नसलेल्या टाकीत तळाला २० ते ४० पार पुष्कळ झाला. ५० च्या वर गेलात की सीओटू आणि खत दोन्ही नियमित पाहिजे, नाहीतर हेच होणार जे तुमच्याकडे झालंय.

आता असं करा. रात्री हॉलमधले दिवे बंद. झाकणाची काच आहे तशी, अजिबात न पुसता, दोन खुर्च्यांवर ठेवा, तिच्यावर तुमची पट्टी ठेवा. खाली बरोबर ४० सेंटीमीटरवर मोबाइल आडवा, स्क्रीन वर करून ठेवा, सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. लक्स मोजायचं कुठलंही फुकट अॅप चालेल. एकदा मधोमध मोजा, एकदा कोपऱ्याच्या जागी. मग तीच काच पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्याने घासून, धुवून, पुसून परत ठेवा आणि परत मोजा. बोअरचं पाणी म्हणालात म्हणून मला ह्या दोन आकड्यांतला फरक बघायचाय. पाण्यात मोबाइल पिशवीत घालून सोडायचे प्रयोग करू नका.

काच घासताना साबण किंवा काच पुसायचा स्प्रे नको, त्यातला अंश पाण्यात उतरतो.

प्रीतिसंगम (कराड)

मोजलं. मुलीनेच मोजलं, वहीत लिहून ठेवलंय.

न पुसलेली काच असताना मध्ये १०५०, कोपऱ्यात ६००. मग काच घासायला घेतली तर व्हिनेगर टाकल्यावर अक्षरशः फसफसली, पांढरा थर पापुद्र्यासारखा निघाला, त्याखाली हिरवा बुळबुळीत थर वेगळाच. मी दर रविवारी वरून पुसत होते, आतली बाजू कधी उलटी करून बघितलीच नव्हती. साफ केल्यावर मध्ये १५००, कोपऱ्यात ८७०.

पाणगवत (पुणे)

बघा, तिसरा हिस्सा उजेड चुन्यानेच खाल्ला होता. म्हणजे पट्टी पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढी राहिलीच नाही, पाच महिन्यांत रोज थोडी थोडी कमी होत गेली. फिल्टरचं पाणी उडतं, वाफ होते, काचेला चिकटून वाळते, पाणी जातं आणि क्षार राहतात. जड पाण्याच्या गावात हे सगळ्यांकडे होतं.

आता भागाकार. १५०० भागिले ७० म्हणजे २१ पार. अनुबियास, क्रिप्टो, वॅलिस्नेरियाला ठीक आहे, अँब्युलिया जगेल पण लांबुडका राहील. कोपऱ्यात १२, ते कमीच. आणि फ्लड? ३० वॉटचा साधा फ्लड ४० सेंटीमीटरवरून मधोमध पाच-सहा हजार लक्स टाकतो, म्हणजे ७०-८० पार, आणि कोपऱ्यात त्याचा पाव हिस्सा पण नीट जात नाही कारण तो एका ठिकाणाहून पडणारा उजेड आहे. आता तुमची पोस्ट परत वाचा. काळे झुपके कुठे, मधल्या अनुबियासवर. अँब्युलिया लांबुडका कुठे, डाव्या कोपऱ्यात. एकाच टाकीत मध्ये उजेडाने शेवाळ आणि कोपऱ्यात उजेडाअभावी वाढलेली पेरं, दोन्ही एकाच वेळी. म्हणून ३ फुटी टाकीला मधोमध एक प्रखर दिवा कधीच नको, उजेड लांबीभर पसरला पाहिजे.

८५०० ची लाइट वाईट नसेल, आरजीबीने लाल झाडं आणि मासे फार सुरेख दिसतात, ते मी नाकारत नाही. पण तुमच्या टाकीला तिची गरज नाही. तुमच्या आहे त्या पट्टीसारखीच अजून एक १२ व्होल्टची ३ फुटी पट्टी घ्या, ६५०० केल्विन, अॅल्युमिनियम चॅनलमध्ये बसवलेली, एक पुढच्या कडेजवळ आणि एक मागच्या. पुण्याला येणं झालं तर तपकीर गल्लीत चॅनल, पट्टी, एसएमपीएस (पट्टीला १२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) सगळं मिळतं, मुंबईत लोहार चाळीत. एसएमपीएस पट्टीच्या एकूण वॉटच्या सव्वा-दीडपट घ्या, काठोकाठ चालवलेला लवकर जातो, आणि तो टाकीच्या बाजूला भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर, कॅबिनेटमध्ये खाली नको. चॅनल महत्त्वाचा, एलईडी जळून जात नाही, तापून हळूहळू मंद होते, अॅल्युमिनियमने उष्णता ओढून घेतली तर वर्षानुवर्षं टिकते. निळी एलईडी असलेली पट्टी देतील ती घेऊ नका, ती समुद्राच्या पाण्यातल्या प्रवाळांच्या टाकीसाठी असते.

आणि हो, दुसरी पट्टी लगेच नको. आधी महिनाभर एकीवर चालवा, शेवाळ थांबू दे, मग.

झुपके आलेली अनुबियासची पानं देठापासून कापून टाका, ती सुधारत नाहीत. काचेवरचे ठिपके जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा, स्पंजला दाद देत नाहीत ते. ते ठिपके फॉस्फेट कमी आणि उजेड जास्त असला की येतात. अल्टरनँथेराचा मोह सध्या सोडा, तो लाल राहायला भरपूर उजेड, लोह आणि सीओटू लागतो.

उजेड म्हणजे चुलीची आच समजा. भातात पाणी किती आहे ते न बघता आच वाढवली तर भात लवकर शिजत नाही, करपतो.

ओढ्याकाठी (कुडाळ)

पाणगवत यांच्या बोलण्यात थोडी भर.

आमच्या सिंधुदुर्गात ओढ्याच्या काठाला क्रिप्टोकोरिन, म्हणजे तुमचं क्रिप्टो, आपसूक वाढते. स्पायरॅलिस आहे, आणि कॉग्नाटा म्हणून एक आहे ती तर आपल्या ह्याच पट्ट्यातली, जगात इतरत्र नाही. मी पावसाळ्यानंतर जाऊन बघतो. वर झाडोरा दाट, दुपारी १२ ला पण ओढ्यावर कवडसेच पडतात, कवडसा एका जागी दहा-पंधरा मिनिटं राहतो आणि सरकतो. पावसात ती पाण्याखाली, उन्हाळ्यात ओढा आटला की चिखलात उघड्यावर. वाकून पान हातात धरून बघितलं तर वरची बाजू गडद हिरवी, कडा लाटेसारख्या मुरडलेल्या, आणि चिखलाचा बारीक थर. असं झाड तुम्ही आणून १४ तास दिव्याखाली ठेवलं तर ते बिचारं काय करणार. (ओढ्यातलं उपटून कोणी घरी नेऊ नका एवढी हात जोडून विनंती, आधीच जागा कमी राहिल्यात, नर्सरीतली घ्या.)

१४ तास ही तुमची खरी अडचण आहे असं मला वाटतं, फ्लडपेक्षाही. आपल्याकडे मोठ्यात मोठा दिवस पण १३ तासांच्या आसपास असतो, आणि त्यातला सकाळ-संध्याकाळचा उजेड तिरका, मंद. टाकीत बटण दाबलं की सरळ भर दुपार होते आणि रात्री बटण बंद करेपर्यंत भर दुपारच. सीओटू नसेल तर एकूण ७-८ तासांच्या वर जायचंच नाही.

प्रीतिसंगम (कराड)

तुमचं पटतंय पण मामांचं काय करू? ते सकाळी ७ ला चहा घेऊन बसतात ते रात्री बातम्या संपेपर्यंत तिथेच. पहिल्या महिन्यात मी एकदा दुपारी लाइट बंद केली तर काही बोलले नाहीत, पण खुर्ची खिडकीकडे वळवून बसले. मला ते फार लागलं. टाकी त्यांच्यासाठीच केलीय.

ओढ्याकाठी (कुडाळ)

ताई, मामा दुपारी झोपतात का?

झोपत असतील तर प्रश्न तिथेच सुटला. सकाळी ८ ते १२ लाइट, १२ ते ४ बंद, ४ ते ८ परत चालू. मधल्या चार तासांत मासे श्वास सोडतात, खालची माती कुजते, त्यातून पाण्यात सीओटू परत साठतो, जो सकाळच्या चार तासांत झाडांनी संपवलेला असतो. सीओटूचा सिलिंडर नसलेल्या टाकीत ह्याचा खरोखर फायदा होतो, मी माझ्या दोन टाक्या सहा वर्षं अशाच चालवतोय. झाडांना ह्या वामकुक्षीने काही होत नाही, जंगलात ढग येतातच.

आणि ८ नंतर टाकी अंधारी वाटत असेल तर टाकीच्या मागे नाही, समोर खोलीतला साधा दिवा चालू राहू द्या, मासे दिसतात. त्या उजेडाने शेवाळ होत नाही, टाकीच्या तळाला तो नगण्य पोचतो. फक्त अंधारातून एकदम भक्क लाइट लावू नका, आधी खोलीचा दिवा, मग टाकीचा, नाहीतर मासे दचकून काचेवर आपटतात.

खारघरकर

टायमरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. हाताने चालू-बंद करायच्या भानगडीत पडू नका, आज ८ ला उद्या १० ला असं झालं की शेवाळाला तेच हवं असतं. पण टायमर घेताना तो गोल चकतीवाला, पिना दाबायचा, घेऊ नका. त्याची चकती मोटरवर फिरते, लाइट गेली की चकती पण थांबते. तुमच्याकडे दोन तास लाइट गेली तर तेव्हापासून टाकीचा दिवस दोन तास उशिरा, परत गेली की अजून उशिरा, आणि आपल्याला वाटतं सेट केलंय म्हणजे झालं. माझ्या गावच्या घरी जुलैमध्ये मी पंधरा दिवसांनी गेलो तर टाकीची लाइट रात्री २ ला चालू होती. डिजिटल टायमर घ्या, आत छोटी बॅटरी असते, वेळ लक्षात राहते. किंवा वायफाय प्लग, तो लाइट आली की नेटवरून वेळ परत जुळवून घेतो. दिवसातून दोनदा चालू-बंद करायला दोन प्रोग्राम टाकावे लागतात ते दुकानातच करून बघा.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर टाकीची लाइट टाकायची गरज नाही, झाडं एक दिवस अंधारात राहिली तर काही होत नाही. फिल्टर आणि एअर पंप मात्र इन्व्हर्टरवर असू दे, तो प्रश्न माशांच्या जिवाचा आहे.

पाणगवत (पुणे)

खारघरकर, अगदी बरोबर, माझ्याकडून राहिलंच.

ताई, थोडं खत पण लागेल, नुसत्या उजेडावर झाड वाढत नाही. क्रिप्टो आणि वॅलिस्नेरिया मुळातून खातात, त्यांच्या बुडाशी दोन-तीन महिन्यांनी एकेक रूट टॅब (मुळाशी घालायची खताची गोळी) खोचा. पाण्यात टाकायचं द्रव खत बाटलीवर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेने, आठवड्यातून एकदा. झाड काय मागतंय ते पानं सांगतात. जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन, जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली तर पोटॅश, नवीन कोवळी पानं फिकट पांढुरकी आली तर लोह. मामांना हे सांगायला नको, ऊस असो की सोयाबीन, तेच नियम, त्यांच्याच हातात द्या ते काम.

प्रीतिसंगम (कराड)

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, शाळेच्या परीक्षा होत्या.

आरसीसीबी बसवली. वायरमनने हॉलच्या सॉकेटला अर्थिंगच नाही म्हणून सांगितलं, ते पण करून घेतलं. डिजिटल टायमर, ८ ते १२ आणि ४ ते ८. मामा दुपारी जेवून १ ते ३ झोपतातच, उठून चहा होईस्तोवर लाइट आलेली असते, पहिल्या दोन दिवसांनंतर त्यांनी काही विचारलं पण नाही. झाकण दर पंधरा दिवसांनी खाली काढून लिंबूसत्वाने आतून घासतो. पट्टीवरची धूळ पण कोरड्या फडक्याने, पिन काढून.

काळे झुपके आलेली अकरा पानं कापली. आता अनुबियासला तीन नवीन पानं आहेत, चकचकीत, एकाच्या कडेला सुद्धा काळं नाही. क्रिप्टो, जे मी मेलं म्हणून उपटणार होते, त्याला वाळूतून पाच कोंब आलेत. काचेवरचे ठिपके खरवडल्यावर दोन-चारच परत आले. अँब्युलियाचे शेंडे कापून पुढे परत लावले आणि गेल्या आठवड्यात दुसरी पट्टी लावली, मुलीने मोजलं, मध्ये २९००, कोपऱ्यात १६५०. नवीन पेरं आता जवळजवळ आहेत.

मामांनी एक गोष्ट दाखवली ती विचारायची होती. ते म्हणतात रोज साडेसातच्या सुमाराला, लाइट चालू असतानाच, अँब्युलियाचे शेंडे मिटतात, पानं वर गोळा होऊन एखाद्या कळीसारखे होतात. मी रात्री बघितलं तर खरंच तसं, आणि सकाळी ९ ला परत उमललेले. ते म्हणाले, "त्याचं पोट भरलंय, कशाला जाळताय." लाइट अजून अर्धा तास कमी करू का?

पाणगवत (पुणे)

मामांना माझा नमस्कार सांगा. अँब्युलिया, हायग्रोफिला ही झाडं दिवसाचा उजेड पुरेसा झाला की असंच करतात, माझ्याकडे हे ओळखायला मला तीन-चार वर्षं लागली होती. करा कमी, संध्याकाळचं ४ ते साडेसात करा आणि दोन आठवडे नवीन पेरांकडे लक्ष ठेवा, अंतर वाढलं तर परत ८. पेरांचं अंतर मामाच मोजतील, पट्टी द्या त्यांना, मोजायची.